ऑनलाइन ग्रुपवर्क आखायची टूल्स: ठाणे-नवी मुंबईच्या शिक्षकांकडून नेहमी येणारे प्रश्न

मी राहते कळव्याला आणि शिकवते ऐरोलीत, नववी-दहावीचा भूगोल आणि विज्ञान. दर महिन्यातला एक शनिवार आम्ही ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली असे आजूबाजूचे काही शिक्षक एकत्र बसतो आणि मुलांनी ऑनलाइन एकत्र मिळून करायचे उपक्रम आखतो, आणि दर वेळी कुणीतरी नवीन येतं आणि तेच प्रश्न परत येतात, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय. मला यातलं जे पटलंय ते पटलंय म्हणून लिहिलंय आणि जे नाही पटलं तेही लिहिलंय.

कसली टूल्स म्हणताय? मीट आणि गूगल डॉक तर आम्ही वापरतोच की.

मीट, डॉक, पॅडलेट (मुलं चिठ्ठ्या लावतात ती ऑनलाइन भिंत) ही काम करायची जागा झाली. मुलं तिथे येतात, बोलतात, लिहितात. मी बोलतेय ती टूल्स त्याच्या आधीची, म्हणजे शिक्षकाने बसून ठरवायचं की आधी कोण काय वाचणार, मग कोण कोणाला भेटणार, कोणाचं काम झाल्याशिवाय कोणाला पुढे जाता येणार नाही, शेवटी एकत्र काय तयार होणार. आपण टाचणवहीत टाचण काढतो ना, तसंच हे टाचण, फक्त एका वर्गाचं नाही तर दहा गटांचं एकाच वेळचं, आणि त्यातली काही टूल्स अशी आहेत की काढलेलं टाचण तिथल्या तिथे मुलांसमोर चालूही करता येतं.

यात माझ्या मते एकच गोष्ट बघायची, एकाचं दुसऱ्यावर अडतंय का. नुसतं 'चौघांनी मिळून पीपीटी करा' सांगितलं की चार मुलं चार स्लाइड वाटून घेतात आणि शेवटी जोडतात, कुणाचं कुणावाचून काही अडत नाही, ते ग्रुपवर्क नव्हेच. अडलं तरच मुलं एकमेकांना विचारतात.

ही कल्पना आली कुठून?

वर्गातल्या पद्धती आधीच्या आहेत. जिगसॉ १९७१ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनला एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने सुरू केली, तिथे तेव्हा गोरी, काळी, मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली होती आणि तणाव होता, तर त्याने धड्याचे तुकडे केले आणि प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला, म्हणजे शेजारच्याचं ऐकल्याशिवाय धडा पूर्णच होणार नाही. आधी एकट्याने विचार, मग जोडीत, मग वर्गासमोर ही पद्धत फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली.

कॉम्प्युटरवर हे आखायची धडपड नंतर सुरू झाली. २००३ मध्ये आयएमएस लर्निंग डिझाइन नावाचं एक स्टँडर्ड, म्हणजे उपक्रम कॉम्प्युटरला कळेल असा लिहायची ठरलेली पद्धत, आलं आणि त्याची भाषा मला फार आवडते कारण ती सरळ नाटकाची आहे, एक नाटक, त्यात अंक, प्रत्येक अंकात वेगवेगळ्या भूमिका एकाच वेळी आपापलं काम करतात आणि अंक संपला की सगळे मिळून पुढच्या अंकात जातात. गडकरी रंगायतनला नाटक बघणाऱ्या माणसाला हे समजवावं लागत नाही. स्पेनमधल्या वायादोलिद विद्यापीठाने कोलाज आणि नंतर वेबकोलाज बनवलं, त्यात जिगसॉ, पिरॅमिड (आधी एकटं, मग दोघं, मग चौघं असा वाढत जाणारा गट) असे साचे तयार मिळायचे आणि आपण फक्त आपला विषय भरायचा. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातून लॅम्स आलं, त्यात पायऱ्यांचे चौकोन माउसने ओढून एकामागे एक जोडायचे आणि मध्ये गेट लावायचं, म्हणजे सगळा गट पोचेपर्यंत गेट बंद. मला स्वतःला ही गेटची कल्पना सगळ्यात महत्त्वाची वाटते, कोणतंही टूल वापरा, मनात गेट ठेवा.

मग सुरुवात कुठून करू?

कागदावर. खरंच सांगते, आधी एक आडवा कागद घ्या, वर सोमवार ते शनिवार लिहा, खाली प्रत्येक दिवशी एकटं, जोडी, गट, पूर्ण वर्ग यातलं काय आहे ते लिहा आणि कुणाचं कुणावर अडतंय तिथे बाण काढा. एकही बाण निघाला नाही तर टूल उघडू नका.

मग लंडनच्या यूसीएलचं लर्निंग डिझायनर बघा, ब्राउझरमध्ये चालतं आणि फुकट आहे. डायना लॉरिलार्ड यांनी शिकण्याचे सहा प्रकार मांडलेत, त्याच सहा रंगांत तुमचा उपक्रम तिथे दिसतो: वाचणं-बघणं-ऐकणं, शोध घेणं, सराव, चर्चा, मिळून काम, आणि काहीतरी तयार करणं. प्रत्येक पायरीला मिनिटं टाकायची आणि बाजूला गोल तक्ता बदलत जातो. मी 'ग्रुपवर्क' म्हणून आखलेला एक पूर्ण आठवडा त्यात भरला तेव्हा निम्म्याहून जास्त गोल नुसत्या वाचण्या-बघण्याच्या रंगाचा झाला, मी ते बघत बसले थोडा वेळ, कारण माझी समजूत होती की मुलं आठवडाभर चर्चाच करतायत. इंटरफेस इंग्रजी आहे पण मजकूर मराठीत भरता येतो.

चालवण्यासाठी शाळेत मूडल, म्हणजे ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर, असेल तर उत्तम, नसेल तर गूगल क्लासरूम. मूडलमध्ये एखादी पायरी ठराविक गटालाच दिसेल किंवा आधीची पूर्ण झाल्याशिवाय उघडणार नाही अशी अट घालता येते, म्हणजे गेट मिळालं. त्यात प्रश्नोत्तर प्रकारचा एक चर्चाफलक पण आहे, स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय दुसऱ्यांची उत्तरं दिसत नाहीत, 'आधी एकट्याने विचार' यासाठी अगदी तेच हवं असतं. क्लासरूममध्ये गेट तुम्हाला हाताने लावावं लागतं, म्हणजे पुढची असाइनमेंट बुधवारी रात्रीसाठी शेड्यूल करून ठेवायची, चालतं तेही.

एखादं पूर्ण उदाहरण द्या ना, असं वरवर कळत नाही.

हो, ठाण्याच्या खाडीचं देते कारण तेच मी सगळ्यात जास्त वेळा केलंय. खाडी आपल्या दाराशी आहे, २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली, ऐरोली-वाशी पुलावरून मुलं रोज ती बघतात. चाळीस मुलं, चारचे दहा गट, हे मूळ गट.

तुकडे चार. एक, तिवरं, म्हणजे कांदळवन, ती खाऱ्या चिखलात कशी जगतात आणि किनारा कसा धरून ठेवतात. दोन, रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, हिवाळ्यात का येतात, चिखलातलं काय खातात. तीन, खाडीवर पोट असलेली माणसं, कोळी-आगरी वस्त्या, मासे, खेकडे, निवटे. चार, खाडीत काय काय सोडलं जातं, सांडपाणी, भराव, प्लास्टिक. प्रत्येक गटातल्या प्रत्येकाला एक तुकडा.

सोमवारी-मंगळवारी प्रत्येकाने आपापला तुकडा एकट्याने वाचायचा, मी दोन पानं आणि एक छोटा व्हिडिओ देते, जास्त नाही. बुधवारी ज्यांचा तुकडा एक आहे ते सगळे एकत्र, दहा जण होतात म्हणून पाच-पाचचे दोन तज्ज्ञ गट करते, एक डॉक, त्यात फक्त तीन प्रश्न आणि शेवटी 'आपल्या गटाला हे कसं समजावून सांगणार' एवढी एक चौकट. गुरुवारी परत मूळ गटात, प्रत्येकाने पाच मिनिटं शिकवायचं. शुक्रवारी गटाला नकाशा मिळतो आणि एकच प्रश्न, समजा खाडीकाठाने एक नवीन रस्ता न्यायचाय, तर कुठून न्याल आणि कोणाचं नुकसान सगळ्यात कमी होईल. चारही तुकडे जोडल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही, आणि हे मुद्दाम केलंय. तिवरंवाला म्हणतो इकडून नको, मासेमारीवाली म्हणते मग तिकडून पण नको, आणि तिथे खरी भांडणं होतात.

एकदा तिसऱ्या तुकड्याच्या डॉकमध्ये मुलांनी पुस्तकातलं वाक्य ठेवलं होतं, 'खाडीतील मासेमारी हा येथील पारंपरिक व्यवसाय आहे'. रात्री एका मुलाने, ज्याचं घर खाडीकाठच्या गावठाणात आहे, त्या वाक्याखाली लिहिलं की आजोबा म्हणतात आधी एका ओहोटीला टोपली भरून निवटे मिळायचे आता जाळ्यात पिशव्याच येतात. दुसऱ्या दिवशी त्याच डॉकमध्ये चौघांनी त्याला प्रश्न विचारले होते, ओहोटी कधी असते, टोपली केवढी, आजोबा अजून जातात का, कुठल्या पिशव्या. वर्गात तो मुलगा फारसा बोलत नाही.

ग्रुप कसे पाडायचे? मुलं म्हणतात आम्हीच ठरवतो.

चारचे पाडा आणि तुम्हीच पाडा. मूडल आपोआप गट पाडतं, शेवटी उरलेल्या दोघांचा छोटा गट होऊ नये असा पर्यायही त्यात आहे, पण आपोआप पाडलेली यादी मी एकदा डोळ्याखालून घालतेच, कारण कोण कुठे राहतं, कुणाकडे घरी एकच फोन आहे, कुणाची कुणाशी चार दिवसांपूर्वी मारामारी झालीय हे सॉफ्टवेअरला माहीत नसतं.

मधेच एखादं मूल गायब झालं तर? जिगसॉ तर कोसळतं ना?

कोसळतं, आणि मी ते बघितलंय. पहिल्या वर्षी माझ्या एका गटातल्या मुलीचं नेट मंगळवारी बंद पडलं, रिचार्ज संपला होता आणि वडिलांचा पगार व्हायचा होता, हे मला शुक्रवारी कळलं. तिचा तुकडा सांडपाण्याचा, त्या गटाला तो कुणी शिकवलाच नाही, आणि शुक्रवारी त्यांनी रस्ता जिथून नेला तिथेच खाडीत सगळ्यात जास्त घाण येते. बाकीच्या तिघांनी तिच्यावर राग काढला आणि ती दोन दिवस शाळेत आली नाही. चूक माझ्या आखणीची होती, मी अडायची सोय केली होती पण अडल्यावर सुटायची नव्हती केली.

तेव्हापासून शक्य असेल तिथे एक-दोन तुकड्यांना गटात दोन-दोन मुलं ठेवते, म्हणजे चारऐवजी पाच किंवा सहाचा गट, नाहीतर तज्ज्ञ गटाचा डॉक गुरुवारी सगळ्या मूळ गटांना नुसता बघायला उघडून देते. आणि मंगळवारी रात्री एकदा बघते कोणी काहीच उघडलेलं नाही, त्यांना मेसेज नाही, फोन करते.

एकच हुशार मुलगी सगळं करते आणि बाकीचे नाव लावतात, काय करू?

हा प्रश्न दर वेळी येतो. फ्रान्समध्ये रिंगेलमन नावाच्या कृषी अभियंत्याने दोरी ओढायचे प्रयोग केले होते, ते १९१३ मध्ये छापून आले, माणसं वाढली की प्रत्येक जण थोडा कमी जोर लावतो असं त्यात दिसलं. मुलं काही वेगळी नसतात, आपणही नसतो.

उपाय ओरडण्यात नाही, आखणीत आहे. प्रत्येकाकडे असं काहीतरी हवं जे फक्त त्याच्याकडेच आहे. भूमिका द्यायच्या तर 'लीडर' देऊ नका, त्याचा अर्थ कुणालाच कळत नाही, 'शंका काढणारा', 'दोन तुकड्यांतला विरोध शोधणारी' अशा कामाच्या द्या आणि दर आठवड्याला फिरवा. गूगल डॉकची व्हर्जन हिस्टरी उघडली की कोणी कधी काय लिहिलं ते रंगात दिसतं. पण ती पकडायला वापरू नका, मुलांबरोबर बसून बघा, एका मुलाने फक्त एकच वाक्य खोडलं होतं आणि ते वाक्य चुकीचं होतं, ते त्याचं त्या आठवड्यातलं मोठंच काम होतं.

पायऱ्या किती बारीक लिहायच्या?

कमी. ऑनलाइन गटशिक्षणाचे संशोधक पिअर दिलनबुर्ग यांनी २००२ मध्येच यावर इशारा दिला होता की पायऱ्यांनी मुलांना इतकं बांधू नका की त्यांचा आपसातला नैसर्गिक संवादच मोडेल. टूलमध्ये चौकोन जोडायला मजा येते आणि आपण बारा चौकोन जोडून बसतो, मग मुलं चर्चा सोडून 'मॅडम आता कुठल्या स्टेपला आहोत' एवढंच विचारतात. माझा अंदाज असा झालाय की आठवड्याला चार पायऱ्या पुरतात आणि दोन गेट. त्यापेक्षा जास्त लागतायत असं वाटलं तर उपक्रम दोन करा.

माझ्या वर्गात पासष्ट मुलं आहेत, हे सगळं छोट्या वर्गाचं आहे.

नाही हो. आपल्या शेजारी पवईला आयआयटी मुंबईत पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या शेकडो मुलांच्या वर्गात एकटं-जोडी-वर्ग ही पद्धत वापरून बघितली, त्याचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, सरासरी ८३ टक्के मुलं पूर्ण किंवा बहुतांश वेळ कामात गुंतलेली दिसली. तो समोरासमोरचा वर्ग होता पण मुद्दा तोच, मोठ्या वर्गाला लहान लहान जोड्या करून चालवता येतं. पासष्ट मुलांना जिगसॉ करू नका, पिरॅमिड करा, आधी एकटं, मग दोघं, मग चौघं, मग आठ, प्रत्येक टप्प्यावर आधीच्या उत्तरांतून एकच उत्तर पुढे न्यायचं. शेवटी तुमच्यासमोर आठ उत्तरं येतात, पासष्ट नाही. बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठाने नेमकं एवढंच करणारं पिरॅमिडअॅप बनवलंय.

लाइव्ह तासाला झूम वापरत असाल तर फ्री अकाउंटची मीटिंग ४० मिनिटांत संपते, म्हणजे ब्रेकआउट रूमला (मीटिंगमधल्या गटागटांच्या वेगळ्या खोल्यांना) फार तर पंधरा मिनिटं धरा, खोल्यांत जायला-यायलाच वेळ जातो. आणि रूममध्ये पाठवायच्या आधी प्रश्न डॉकमध्ये लिहून ठेवा, नुसता तोंडी सांगितलेला प्रश्न रूममध्ये पोचेपर्यंत निम्मी मुलं विसरतात.

आमच्या मुलांकडे लॅपटॉप नाही, घरी एक फोन आणि व्हॉट्सअॅप.

मग व्हॉट्सअॅपवर करा, मनापासून सांगते. दिव्याला, मुंब्र्याला शिकवणाऱ्या आमच्या मैत्रिणी तसंच करतात. प्रत्येक गटाचा एक ग्रुप, त्यात तुम्ही आणि एक पालक. तुकडा म्हणजे वहीतल्या पानाचा एक फोटो. तज्ज्ञ गटाऐवजी एकमेकांना व्हॉइस नोट, दोन मिनिटांच्या आत. वेळ एकच ठरवू नका, बाबा कामावरून आल्यावर रात्री नऊला फोन मिळतो अशी मुलं असतात, दिवसभरात कधीही उत्तर द्या असं ठेवा. गेट तुम्ही स्वतः, चारही व्हॉइस नोट आल्या की पुढचा प्रश्न टाकायचा.

मार्क कसे द्यायचे?

थोडे गटाला, जास्त एकेकाला. मी शेवटी एक छोटा प्रश्न एकट्याने सोडवायला देते आणि तो दुसऱ्याच्या तुकड्यातला असतो, म्हणजे तिवरंवाल्याला रोहितचा प्रश्न, त्यावरून शिकवणारा आणि ऐकणारा दोघांचंही कळतं. मूडलमध्ये वर्कशॉप नावाची सोय आहे, मुलं एकमेकांचं काम तपासतात, आणि तपासणी कशी केली त्यालाही वेगळे मार्क मिळतात. दहावीच्या मुलांना चांगलं जमतं, सहावी-सातवीला घाई होते.

एआयकडून उपक्रम आखून घेतला तर?

मजकूर तयार करायला मदत होते, म्हणजे एकच माहिती तीन पातळ्यांवर सोपी करून घेणं वगैरे, नंतर तथ्य तुम्ही तपासायचं. पण कुणाचं कुणावर अडवायचं हे त्याला तुमच्या मुलांबद्दल काही माहीत नसताना सांगता येत नाही, मी करून बघितलं तेव्हा दर वेळी 'गटात चर्चा करा आणि सादरीकरण करा' असंच आलं.

मुलांची माहिती बाहेर जाते त्याचं काय?

काळजी रास्त आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरलाय आणि मुलांचा डेटा वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. तर नवीन वेबसाइटवर मुलांना स्वतःच्या जीमेलने लॉगिन करायला लावू नका, शाळेने दिलेलं अकाउंट वापरा, पॅडलेटसारख्या ठिकाणी पूर्ण नावाऐवजी रोल नंबर किंवा टोपणनाव, फोटो नको. आणि मुख्याध्यापकांना आधी लेखी कळवा.

टूल बंदच पडलं तर केलेलं सगळं जाणार का?

जाऊ शकतं. गूगलचा जॅमबोर्ड, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायचा ऑनलाइन फळा, खूप शाळांमध्ये वापरात होता, तो ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाला, फाइली उतरवून घ्यायला आधी वेळ दिला होता. म्हणून आखणी नेहमी टूलच्या बाहेर पण ठेवा, तो आडवा कागद आठवतोय ना, त्याचा फोटो काढून ड्राइव्हवर. चौकोन परत जोडता येतात, बाण परत सुचत नाहीत.

मराठीत टाइप करताना मुलं अडतात.

फोनवर बोलून टाइप करायला शिकवा, मराठी बऱ्यापैकी नीट उमटतं, मग दुरुस्त करायचं. तुमच्या जुन्या नोट्स युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर डॉकमध्ये टाकल्यावर भलतीच अक्षरं दिसतात, त्या आधी कन्व्हर्ट करून घ्या नाहीतर सरळ पीडीएफ द्या. रोमनमध्ये लिहिणाऱ्या मुलाला पहिल्या आठवड्यात थांबवू नका.

खाडीचा उपक्रम आमच्या शाळेत जसाच्या तसा वापरू का?

वापरा, बदला, तेवढ्यासाठीच लिहिलाय. नेरुळ-बेलापूरवाल्यांना तर काहीच बदलायला नको. ठाण्यात घोडबंदर रोडच्या शाळांनी खाडीऐवजी येऊरचं जंगल घ्यावं, झाडं, बिबट्या, पाड्यांवरची माणसं, आणि जंगलाच्या कडेपर्यंत आलेल्या इमारती असे चार तुकडे सरळ पडतात. नौपाड्याच्या एका सरांनी मासुंदा तलाव घेतला होता पण त्यांचा चौथा तुकडा 'तलावाचा इतिहास' होता आणि शेवटचा प्रश्न 'पाणी स्वच्छ कसं ठेवाल', तर इतिहासवाली चार मुलं गुरुवारनंतर नुसती बसून होती. आम्ही त्या शनिवारी तो तुकडा काढून 'तलावाकाठी रोज धंदा करणारे' हा घातला.